लोरेनचे वीस तास

दर पाच आठवड्यांनी आमची नोकरी संपते, साहेबाची मर्जी असेल तर पुन्हा लागते. ब्रिस्बेनच्या भाषाशाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आम्ही पाच जणांनी शिक्षक संघटनेत जायच्या अर्जावर सह्या केल्या, आणि शुक्रवारी भिंतीवर नवं वेळापत्रक लागलं. चौघांना शून्य तास, म्हणजे पगारही शून्य. पाचव्या लोरेनला आठवड्याला वीस. तिने चहासोबत लॅमिंग्टन केक पुढे केले. कोणी हात लावला नाही. "कधीपासून चहाड्या करतेस गं साहेबाकडे?" मी तोंडावरच विचारलं. "अरे गाढवा, पहिली सही माझी होती! तुम्ही माझ्याशी बोलणं टाकावं म्हणूनच दिलेत हे तास." "मग सोड ना!" ती उठली. "आत्ता जाऊन सोडते. पण मग साहेब एकेकाला बोलावून तेच तास समोर धरेल. नाही कोण म्हणेल, ते आधी सांगा." 'मी' म्हणायला कोणाचंच तोंड उघडलं नाही.