गणराज होनिंग वर्क्स

साहेबरावांनी मोटारसायकलच्या इंजिनातला सिलेंडर टेबलावर आदळला, तेव्हा दीपमाला आत भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली.

“आठ दिस झालं न्हाईत, गणराज, अन् गाडी निळा धूर वकतीया!” साहेबराव ओरडले. त्यांच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या असायच्या. “तीन दिस दूध घरात नासलं. मेकॅनिक म्हनतो, होनिंग करनाऱ्याला अक्कल न्हाई.”

दिघीतल्या त्या दोन खोल्यांच्या दारावर ‘गणराज होनिंग वर्क्स’ अशी पाटी होती. गिऱ्हाईक यायचं, गणराजबरोबर चहा प्यायचं, “तुमचा हात बसलाय हो” म्हणायचं, आणि गणराज खुशाल मान डोलवायचा. पण होनिंग, म्हणजे सिलेंडर आतून दगडानं घासायचं काम, करायची दीपमाला. चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं तिनं हेच केलं होतं.

आज मात्र गणराजनं चहा सांगितला नाही.

“खरं सांगू का साहेबराव, हे काम हिनं केलंय,” तो म्हणाला. “बाईमाणूस आहे. चुकतं एखाद्या वेळी.”

दीपमालाच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं पदराला हात पुसले, सिलेंडर उचलला आणि दारातल्या उजेडाला धरला. आत नुसता आरसा झाला होता. तिनं ड्रिल वरखाली फिरवत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी पाडली होती, इकडून तिकडे सारखी. साबणाच्या पाण्यानं धुऊन, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसून ठेवली होती. तिनं आतून नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

“ह्याला पॉलिश पेपर कुणी मारला?”

गणराजनं साहेबरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“अगं, आत सगळे ओरखडे दिसत होते. असलं काम गिऱ्हाईकाच्या हातात कसं द्यायचं? म्हणून जरा चकचकीत केलं.”

“ओरखडे? त्या रेघांत तेल धरून राहतं. त्याच घासून काढल्यात तुम्ही!” तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. “सात वर्षं ह्या घरात हे काम चाललंय. एकदा तरी विचारलंत, त्या कशासाठी असतात?”

“गिऱ्हाईकासमोर नको,” गणराज पुटपुटला.

“गिऱ्हाईकासमोरच. माझं नाव पुढे करताना गिऱ्हाईकच समोर होतं ना?”

तिनं सिलेंडर शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळला. ड्रिलला होनिंगचे तीन दगड लावले, तेलाचा डबा शेजारी ठेवला आणि ड्रिल नवऱ्याच्या हातात दिलं.

“घ्या. पाटी तुमची आहे. करा.”

साहेबरावांनी स्टूल ओढलं आणि समोर बसले. त्यांची नजर पाटीवर गेली, मग गणराजवर थांबली. शेजारच्या खोलीत तव्यावरची भाकरी करपत होती. दीपमाला जागची हलली नाही.

गणराजनं ड्रिल एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. सिलेंडरच्या तोंडाशी नेलं, परत मागे घेतलं.

“हे...” तो अगदी हळू म्हणाला, “आधी आत घालायचं, का आधी चालू करायचं?”