गच्चीवरचा तूपभात

"मला चकवणारा कुत्रा अजून जन्मायचाय!" पशुआहारशास्त्र शिकवणाऱ्या नंदितानं बढतीच्या मुलाखतीत ठणकावलं. समिती म्हणाली, "मग मॅडम, तुमचाच लठ्ठ लॅब्रडॉर महिन्यात बारीक करून दाखवा. बढती पक्की!" तीन आठवड्यांत तो दोन किलो वाढला. चक्रावलेली नंदिता त्याच्या मागोमाग चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर गेली. आठ घरांनी जेवणाआधी पितरांच्या नावानं कावळ्यांसाठी ठेवलेला तूपभात स्वारी चाटूनपुसून संपवत होती. "सापडला चोर!" म्हणत तिनं खुशीत गच्चीला कुलूप ठोकलं. सासूबाईंनी कुत्र्याला हात जोडले. "चोर काय म्हणतेस गं? तुझे मामंजी आहेत ते! हयातीतही पानात शीत उरू देत नसत." संध्याकाळपर्यंत आठही घरांना कुत्र्यात आपापला दिवंगत म्हातारा दिसला. नंदिता कॉलेजला गेली की भात थेट दारात येऊ लागला, वर खिरीसारखं पायसमसुद्धा. समितीपुढे कुत्रा पाच किलो जास्त भरला.