मधला दिवा

पासष्टच्या लढाईत बंडू जबलपूरच्या कारखान्यात वीज सांभाळायचा. पॅनेलवर तीन दिवे सारखे मिणमिणत. एखादी तार यंत्राच्या लोखंडाला लागली की तिचा दिवा विझे. काम चालूच राही. दुसरी लागण्याआधी वीज तोडली नाही, तर माणूस जायचा. एकदा मधला दिवा विझला. बंडूनं एकेका शेडची वीज तोडून पाहिली. थोरल्या भावाच्या, दादाच्या शेडची तोडताच दिवा उजळला. दादा तरातरा आला. “लढाई चालू आहे, काहून बंद करून राहिला? जेवणाच्या सुट्टीत पाहू.” दादाचा शब्द बंडूनं कधी मोडला नव्हता. त्यानं खटका वर केला. सुट्टीआधीच दादा लेथला चिकटला. नवव्या दिवशी दादाच्या फोटोपुढचा दिवा विझला. बंडूनं झटकन घराचा मेन स्विच खाली ओढला. रेडिओवरच्या बातम्या थांबल्या. वहिनी म्हणाली, “भाऊजी, तेल संपलंय. चालू करा.” बंडूचा हात उठेना.