गाडीच्या आडोशाला

"पोळी पुन्हा जाडच झाली," सासूबाई म्हणाल्या.

रुळांलगतच्या आमच्या चाळीत याला उत्तर देणं सोपं होतं. मालगाडी धडधडत आली की कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. तेवढ्यात तव्याकडे तोंड करून मी मनातलं सगळं बोलून घ्यायचे. गाडी गेली की पुन्हा गुणाची सून. मग चाळ पाडून तिथंच हा टॉवर उभा राहिला, खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या आणि माझी घुसमट सुरू झाली. राहायला आल्यापासून मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

आत्ताही खाली मालगाडी दिसली आणि सवयीनं तोंड सुटलं. "तुम्हाला अमृत वाढलं तरी नावंच ठेवाल!"

काचेपलीकडून गाडी गुपचूप निघून गेली. माझं वाक्य मात्र घरभर लख्ख ऐकू आलं.

सासूबाई ताटावरून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि काच सरकवून उभ्या राहिल्या. लांबून दुसरी गाडी येत होती. तिची धडधड खोलीत शिरली, तशी त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि काचेतल्या प्रतिबिंबात त्यांचे ओठ अगदी सराईतपणे हलू लागले.