नवसाचं पिल्लू

कुशाबाने गावदेवीला कोंबडा बोलला आणि नेमकं त्या खेपेला कोंबडीखाली एकच पिल्लू जगलं, तेही एक पाय बाहेर फाकलेलं. देवीला अधू कोंबडा चालत नाही. मग कुशाबाने बायकोच्या, बनुबाईच्या, लुगड्याची चिंधी फाडून पिल्लाचे पाय जुळवून बांधले आणि रोज कोमट खोबरेल चोळलं. लावणी खोळंबली, पण चोळणं चुकलं नाही.

पिल्लू सरळ चालायला लागलं तेव्हा सगळी वाडी बघायला आली. कुशाबा फुलून गेला. "चालन्यातली खोड मला लांबनं दिसते!"

शेजारची ठकूबाई म्हणाली, "मंग बनूचा पाय पन बघ रे. लावनीपासनं लंगडतेय ती."

"कोन? आमची?"

सगळी वाडी एकदम पिल्लाकडे बघायला लागली.

माणसं पांगल्यावर कुशाबाने उरलेलं तेल चुलीवर कोमट केलं आणि बनुबाईपुढे जाऊन बसला. मान काही वर होईना.

"कंचा पाय गो?"

बनुबाईने दोन्ही पाय पुढे पसरले.

"दोनच तर हायत," ती म्हणाली. "वळखा."