गरम हवा कुठे सोडायची

एसीवाला खिडकीतून बोळात वाकून बघून आला आणि म्हणाला, "बाहेरचं युनिट या बोळातच बसेल. पण त्याची गरम हवा थेट समोरच्या खिडकीत जाईल."

"खुशाल जाऊ दे," मी म्हणालो. "समोर माझा धाकटा भाऊ राहतो. घराची वाटणी झाल्यापासून सहा वर्षं आमचं बोलणं नाही. बघा की, कमावतो बक्कळ, पण चिक्कू इतका की घामाच्या धारा लागल्या तरी वर्तमानपत्रानं वारा घेत बसलाय."

एसीवाल्यानं टेप गुंडाळली. "मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं होतं. मशीनसुद्धा पसंत केलं होतं."

"मग घोडं अडलं कुठे?"

"त्यांचंही युनिट बोळातच बसणार होतं. गरम हवा तुमच्या या खिडकीत येईल म्हटल्यावर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाले, 'त्या खिडकीशी माझी वहिनी झोपते. तिला दम्याचा त्रास आहे. राहू दे.'"

खाटेवर बसलेली बायको माझ्याकडे बघत राहिली. मी उगाच पंखा वाढवायला गेलो. तो आधीच पाचावर होता.

"युनिट लावायला दुसरी जागा नाहीच का कुठे?" मी विचारलं.

"त्यांनीही अगदी हेच विचारलं होतं," एसीवाला म्हणाला.