ओठ झाकून

"आता तोंड झाकून बोला, आई," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "ओठ दिसले की तो बघतच बसतो. त्याला ऐकू द्या."

आईने तोंडासमोर हात धरला आणि हाक मारली. सव्वा वर्षाच्या धाकट्याने ठोकळा टाकला, वळून बघितलं. त्याच्या दोन्ही कानांमागे ऐकण्याची इवलीशी मशीनं होती. बाईंनी टाळी वाजवली. आईचे डोळे भरून आले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर थोरली बसली होती, चौदा वर्षांची. मशीन तिच्याही कानाला होतं, पण ते लागलं सातव्या वर्षी. तोवर पोर हट्टी आहे, मुद्दाम लक्ष देत नाही, असंच सगळे धरून चालले होते. धाकट्याचे कान मात्र जन्मल्या जन्मल्या तपासले आणि तिसऱ्या महिन्यात त्याला मशीन मिळालं. थोरलीला मशीनमधून नुसते आवाज यायचे. शब्द ती ओठांवरूनच उचलायची.

आई मुळात अबोल. पण "दिवसभर त्याच्याशी बोलत राहा" असं बाईंनी सांगितल्यापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता. बादली भरली, पाणी सांडलं, मला पालीची भीती वाटते, लहानपणी मी जिन्यावरून गडगडले होते, सगळं धाकट्याला. समोर बसून थोरली एकेक शब्द टिपायची. आई पालीला घाबरते हे तिला चौदाव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर आई धाकट्याला मांडीवर घेऊन मटार सोलायला बसली. सोलता सोलता थांबायची, ओठांवर हात धरायची आणि बोलायची. थोरली नेहमीसारखी समोर येऊन बसली. हाताच्या वर तिला नुसते आईचे डोळे दिसत होते.

एकदा आई बराच वेळ बोलत राहिली. मधेच धाकटा वळला, थोरलीकडे बघून हसला आणि त्याने तिच्याकडे बोट केलं.

'ताई' ऐकल्याशिवाय तो असं करत नसे.

थोरलीने पुढे होऊन आईचा हात खाली ओढला. "माझं काय सांगितलंस त्याला?"

तिचे उच्चार परक्याला चटकन कळत नसत. आईला कळायचे.

"काही नाही गं. असंच आपलं."

"आई."

आईने धाकट्याला खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"तू याच्याएवढी होतीस ना, तेव्हा मी हाका मारायचे. तू वळायची नाहीस. मग मीही गप्प झाले. रागावूनच म्हण ना. तुझ्याशी काय काय बोलायचं राहून गेलं, ते सांगत होते त्याला."

थोरलीने ते शेवटपर्यंत वाचलं. मग आईला खांद्यांना धरून खिडकीकडे वळवलं, तोंडावर उजेड पडेल असं.

"मला सांग," ती म्हणाली.

कुठून सुरुवात करावी ते आईला कळेना. तिने एक शेंग फोडली, त्यातला दाणा उचलला आणि लेकीच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा मटार," ती सावकाश म्हणाली. "हिरवा आहे. गोड आहे. आ कर बघू."

थोरलीने आ केला.